अर्क पुरे

दादा,

तू पाठवलेला पानांचा अर्क आई न चुकता घेते. तिच्या उलट्या थांबल्या, दोन घास जास्त जातात. "बघ, गुण आला," असं तू फोनवर म्हणालास आणि मीही हुरळले.

परवा तिच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला, तर आतून कॅन्सरच्या गोळ्या घरंगळल्या. महिनाभराच्या तरी असतील. उलट्या त्यांनीच व्हायच्या.

"अगं, दादाच म्हणाला ना, अर्क पुरे," आई म्हणाली.

तू 'पूरक' म्हणाला होतास. फोन स्पीकरवर होता.

डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांचा उपयोग नाही. मानेवरची गाठ शालीतूनही दिसते. आई मात्र खुशीत सांगते, "पोरानं वाचवलं मला."

हे पत्र मी टाकणार नाही. फोनवर एवढंच सांगेन, पुढची बाटली वेळेवर पाठव.

तुझी धाकटी