अठ्ठेचाळीस काठ

॥ श्री ॥
फुनाबोरी, टोकियो
३ फेब्रुवारी २०२५

ती. ज्योत्स्नाताईस,
सुप्रभाचा शि. सा. नमस्कार. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहायला गेले की माझं बोट भलत्याच अक्षरावर पडतं, म्हणून हे पत्र. चौथी पास बाईचं अक्षर आहे, नावं ठेवू नकोस.

इकडे सगळे बरे आहेत. आपला अंबरीष बँकेत, ईश्वरीही आता नोकरीला लागली, नवरा-बायको दोघंही दिवसभर बाहेर. मला आणलं त्यांच्या जुईला सांभाळायला, पण ती नऊ वर्षांची पोर शाळेत एकटी चालत जाते, एकटी येते. उलट मी कचरा चुकीच्या पिशवीत टाकला तर मलाच रागावते, तेही जपानीत. मी भावाच्या घरी नुसती बसून खाते आहे गं. परतीचं तिकीट एप्रिलचं आहे, तोवर दिवस कसे ढकलायचे या विचारात होते.

तर आता काम मिळालं आहे! जुई बॅले नावाचा नाच शिकते. शिकवणाऱ्या मुराता सेन्सेई, म्हणजे आपल्याकडच्या मास्तरीणबाई, सत्तरीच्या, काठीसारख्या ताठ. मार्चमध्ये मुलींचा कार्यक्रम आहे. त्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईंचा हात आता थरथरतो, आणि भाड्याचे झगे सेन्सेईंना पसंत नाहीत. जुईने सांगून टाकलं की माझ्या आत्याचं मिरजेत शिवणाचं दुकान आहे. दुकान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं हे सांगितलं नाही, शहाणी आहे.

बारा मुली, बारा पांढरे घागरे. त्याला टुटू म्हणतात. नेटचे चार थर, पोटरीपर्यंत, घंटेसारखे. सेन्सेईंनी चित्रं दाखवून सगळा इतिहास सांगितला, जुई मराठी करून सांगत होती. आधी नाचणाऱ्या बायका जड, लांब झगे घालायच्या म्हणे, पाय दिसायचेच नाहीत. मग पॅरिसात एकीने एकशे नव्वद वर्षांपूर्वी असा पातळ पांढरा घागरा घातला, पायांचं काम लोकांना दिसलं, आणि सगळ्यांना तोच हवा झाला. पुढे तो आखूड आखूड होत गुडघ्यावर गेला आणि शेवटी ताटासारखा आडवा उभा राहिला. तेव्हा थिएटरात गॅसचे दिवे असत. घागरे पेटून मुली भाजून मेल्या. आग लागू नये म्हणून कापड औषधात बुडवायला सांगितलं, तर ते मळकट आणि कडक दिसतं म्हणून मुलींनी नकार दिला. काय म्हणावं? पण कपड्यासाठी इतका जीव टाकणारी माणसं मला कळतात.

पहिला घागरा शिवून दाखवला. तू ओळखतेसच मला, उघडी कड मला बघवत नाही. चारही थरांचे काठ दुमडून हाताने तुरपाई केली. सेन्सेईंनी दहा मिनिटं टाके बघितले. वाकून वाकून कौतुक केलं, इतके बारीक टाके कधी पाहिले नाहीत म्हणाल्या, चहा दिला. आता उरलेले अकरा तसेच करते. अंबरीष म्हणतो, ताई, जपून, आपल्याला इथे राहायचं आहे. मी म्हटलं, बिघडलं तर पुन्हा सुईला हात लावणार नाही. बोलून तर बसले.

लोभ आटू देऊ नकोस आणि कानाचं मशीन लावत जा.
तुझी,
सुप्रभा

॥ श्री ॥
मिरज
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सुप्रभास,
अ. उ. आशीर्वाद. पत्र पोचलं. कानाचं मशीन कपाटात आहे आणि तिथेच बरं आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं, आणि मला काही ठीक दिसत नाही. त्या बाईंनी टाक्यांचं कौतुक दहा मिनिटं केलं, चहा दिला. घागऱ्याबद्दल काय म्हणाल्या? तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे त्या बोलल्याच नाहीत. अगं, मला बघायला सांगलीचे लोक आले होते, आठवतं? पोह्यांची किती तारीफ केली. पोहे कुणी केले, कोथिंबीर कुठली, दोनदा मागून घेतले. मुलीबद्दल अवाक्षर नाही. कळवतो म्हणून गेले ते गेले. आई बिचारी महिनाभर खुशीत होती. तुझ्या बाई मला सांगलीकरांसारख्या वाटतात.

मला नाचातलं काही कळत नाही. पण उरलेले काठ करायच्या आधी त्यांना सरळ विचार. आणि सुईला हात लावणार नाही असली भाषा माझ्यापुढे नको. दुकान बंद झालं तेव्हा तू दोन महिने कुणाशी बोलली नव्हतीस, ते मी पाहिलं आहे.

माया आहे तेवढीच आहे, कमी-जास्त होत नाही.
तुझी,
ताई

॥ श्री ॥
फुनाबोरी
२६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. तुझं पत्र आलं तेव्हा बाराही घागरे तयार होते. बारा चोक अठ्ठेचाळीस काठ, सगळे तुरपाई केलेले. पत्र वाचलं आणि तशीच उठले.

जुईला घागरा घालून उडी मारायला लावली. ती खाली आली आणि घागराही तिच्याबरोबर धप्पकन खाली. काठाचं वजन त्याला ओढत होतं. मग मोबाइलवर दुसऱ्या मुलींचा नाच बघितला. मुलगी खाली येते, घागरा मागून सावकाश येतो. सगळी गंमत तीच आहे, आणि मी ती शिवून बंद केली होती. नेटच्या कडेचे धागे सुटत नाहीत गं, हे मला ठाऊक. कडेला इंटरलॉकची शिलाईसुद्धा लागत नाही. तरी कड उघडी ठेवायला हात धजला नाही.

ईश्वरी म्हणाली, भाड्याचे आणू, खर्च मी करते. चांगल्या मनाने म्हणाली, पण मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी जुईला घेऊन सेन्सेईंकडे गेले आणि विचारलं, काठ ठेवू की काढू, एवढंच सांगा. सेन्सेई पुन्हा टाक्यांचं कौतुक करायला लागल्या. मग मी बोलणंच सोडलं. जुईला त्यांच्यासमोर उडी मारायला लावली आणि नाचाकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघितलं. घागरा धप्पकन आला आणि त्यांनी डोळे मिटले.

टाके उसवले तर नेट फाटणार. मी पिशवीतून कातर काढली. जुई ओरडली. काठ कापला तर घागरा तीन बोटं आखूड होणार, हे तिलाही कळलं. मी म्हटलं, सांग त्यांना, शंभर वर्षं हा घागरा कापतच आणलाय ना सगळ्यांनी? मग मीही कापते. जुईने काय सांगितलं देव जाणे. सेन्सेई खाली बसल्या आणि नेटचं दुसरं टोक ताणून धरलं. मी कापत गेले, त्या सरकत गेल्या.

तेवढा एक कापून झालाय. उरलेले अकरा आता कापते. माझ्या तीन आठवड्यांच्या तुरपाईच्या पट्ट्या जाळायचा कचरा नेतात त्या दिवशी जाणार. जुईनेच पिशवी काढून ठेवली. रंगीत तालमीत सगळ्या मुलींच्या अंगावर बघितल्याशिवाय सेन्सेई हो म्हणणार नाहीत. नाही म्हणाल्या तर मुली सरावाच्या कपड्यांत नाचतील, आणि मी एप्रिलची वाट न बघता येते.

रागावली असलीस तरी लिही.
तुझी,
सुप्रभा

॥ श्री ॥
मिरज
७ मार्च २०२५

चि. सुप्रभास,
अ. उ. आ. रागावले नाही. अठ्ठेचाळीस काठ तुरपाई करून स्वतःच्या हाताने कापणारी बाई घाबरून परत येणार, हे मला पटत नाही. इकडे यायचं तर एप्रिलमध्ये ये, ठरल्या दिवशी, ताठ मानेने. आधी आलीस तर दार उघडणार नाही. ऐकूही येणार नाही.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
फुनाबोरी
२४ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. ऐक, म्हणजे वाच.

परवा रंगीत तालीम झाली. बाराजणी रांगेत उभ्या. सेन्सेई एकेकीभोवती फिरल्या. सातव्या मुलीपाशी थांबल्या आणि कमरेवर बोट ठेवून म्हणाल्या, इथे चुण्या कमी, डाव्या बाजूला अर्धं बोट खाली आलाय. कौतुक नाही, वाकणं नाही, चहा नाही. ताई, मला इतकं बरं वाटलं! अशा आम्ही दुकानात एकमेकींच्या चुका काढायचो. मी गुडघ्यावर बसले आणि तिच्या अंगावरच चुण्या बसवल्या. त्यांनी पुन्हा बघितलं, मान हलवली आणि आठव्या मुलीकडे गेल्या. तोच त्यांचा होकार.

काल रविवारी कार्यक्रम झाला. हॉल भरलेला. दिवे निळे झाले आणि बाराजणी आल्या. जुई पुढे होती. उडी मारली, खाली आली, आणि मग, ताई, मग घागरा आला. हवेत थांबून, सावकाश, बाराही एकदम. शेजारची म्हातारी हं असं काहीतरी म्हणून पुढे सरकून बसली. आखूड झाल्यामुळे पोटऱ्या दिसत होत्या, पायांचं एकेक काम दिसत होतं. मुलींच्या आया नंतर विचारत होत्या, या वेळी पाय इतके छान कसे दिसले. टाळ्या थांबेनात, पडदा तीनदा उघडला. अंबरीष उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याला इथे राहायचं आहे हे तो विसरला असावा.

सेन्सेईंनी मला आत बोलावलं. पुढच्या वर्षी मोठ्या मुलींसाठी तो ताटासारखा आडवा टुटू हवा आहे, दहा-बारा थरांचा, आत तार घातलेला. जमेल का, असं विचारलं. मी सांगितलं, मला येत नाही, शिकवा. जुईने ते एका शब्दाचाही फरक न करता सांगितलं असावं, कारण सेन्सेई पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. आता मंगळवारी त्यांच्या जुन्या शिवणाऱ्या बाईंकडे जायचं आहे. त्यांचा हात थरथरतो, पण नजर शाबूत आहे म्हणतात. त्या सांगतील, मी शिवेन.

एप्रिलचं तिकीट पुढे ढकललं. तू दार लावून बसलीस तरी चालेल. अंबरीषने स्वतःचं टेबल भिंतीकडे सरकवून शिलाई मशीनला खिडकीची जागा दिली. ईश्वरीने दिवा आणला.

लोभ असेलच, पण या वेळी थोडा अभिमानही धर.
तुझी,
सुप्रभा
लेडीज टेलर, फुनाबोरी