उशिरा येणाऱ्याचं शीत

सर, काल दुपारी तुम्ही आमच्या वरच्या मजल्यावर जेवायला आला होतात का, एवढंच विचारायचं आहे. बाकीचं सगळं पाल्हाळ. आणि पाल्हाळाची माझी खोड तुम्हांला नवी नाही. निबंधावर तांबड्या शाईने 'आवरा' असं लिहायचात ते तुम्हीच.

वर एक चिनी बाई राहतात. आमच्याच कारखान्यातून निवृत्त झालेल्या केमिस्ट. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. त्या काल जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "दुपारी जेवायला या, अगदी साधंच आहे." जर्मनीत, त्यातून लुडविग्सहाफेनमध्ये, रविवारी सगळी दुकानं बंद, आणि इतकी वर्षं इथे काढल्यावर वाइनची बाटली न घेता कुणाचं दार वाजवायचं म्हणजे मला उघड्या अंगाने गेल्यासारखं वाटतं. म्हणून तळघरात उतरलो. फळीवर एकच बाटली होती. तीच, सर. तुमची.

आठवतं? अठरा वर्षांपूर्वी मी जर्मनीहून पहिल्यांदाच पुण्याला आलोय. तुमच्या दीड खोलीत रॉकेलचा स्टोव्ह फरफरतोय आणि भात नेहमीप्रमाणे बुडाला लागलाय. ताटाभोवती पाणी फिरवून तुम्ही उजवीकडे चित्राहुतीची पाच शितं ओळीने ठेवता, आणि मग जरा लांब, माझ्या बाजूला, सहावं. शास्त्रात सहावं नाही. शाळेत असल्यापासून रविवारच्या पाठाला मी कधी वेळेवर आलो नाही म्हणून तुम्हीच ते काढलंत: "हे उशिरा येणाऱ्याचं." ते उचलून खाल्ल्याशिवाय मला ताट मिळत नसे. त्या दिवशी मी ते खाण्याआधीच पिशवीतून ऱ्हाइनकाठची रीसलिंग वाइन काढून पुढे ठेवली. "सर, द्राक्षासवच समजा." तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून लेबल न्याहाळलंत. "द्राक्षासवावर किल्ल्याचं चित्र नसतं रे." मी हसलो, तुम्ही नाही. मी म्हटलं, "तिकडे द्यायची पद्धत आहे, सर." "मग तिकडे दे. माझ्याकडे जेवायला यायचं तर रिकाम्या हाताने ये, नाहीतर येऊ नकोस."

मी बाटली पिशवीत घातली, न जेवता निघालो, आणि ती विमानातून परत आणली. पुढे दोनदा पुण्याला आलो, पण तुमच्याकडे फिरकलो नाही. मग तुमच्या पुतण्याचं दोन ओळींचं पत्र आलं, तुम्ही गेल्याचं.

तर काल. बाईंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, किल्ल्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. टेबलावर टोमॅटोतलं अंडं, व्हिनेगर मारून परतलेला कोबी आणि भात. (हो, अंडं मी खातो. आता कळलंच आहे तर असू दे.) वाट्या चार. एक त्यांच्या नवऱ्याची, ती रोजच असते. "चौथी कुणाची?"

"तुमच्या वडिलांची. चपला काढताहेत का अजून?"

"वडील नाशकात आहेत. कमरेला पट्टा लावून."

"मग तुमच्यामागून जिना कोण चढलं? मी दोघांची पावलं ऐकली. दुसरी अगदी सावकाश, पायरीपायरीला थांबणारी." दार उघडून त्या बाहेर डोकावल्या, परत आल्या. घाबरल्या वगैरे नाहीत. "जाऊ दे, असू दे. मांडलेली वाटी काढायची नसते."

चारही ग्लासांत त्यांनी वाइन ओतली. जुन्या रीसलिंगला रॉकेलसारखा वास येतो. त्यामागचं रसायन मी कुणालाही फळ्यावर समजावून देईन. पण भात विजेच्या कुकरमधला होता, पांढराशुभ्र, आणि वास मात्र बुडाला लागल्याचा येत होता. त्याचं रसायन मला ठाऊक नाही. काड्यांनी कोबी पकडायला मला दोन्ही हात लागत होते, त्यामुळे वर बघायला वेळच लागला. वर पाहिलं तेव्हा चौथ्या वाटीभोवती पाण्याची रेघ होती. उजवीकडे पाच शितं. सहावं लांब, माझ्या बाजूला. आणि वाइनचा ग्लास हातभर दूर सारलेला, पार टेबलाच्या कडेला. तो पाहिला आणि मला काही शंका उरली नाही.

"हे तुम्ही केलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मीही नाही." त्यांनी चौथ्या वाटीत आणखी थोडा कोबी वाढला. "त्यांना आवडतो?"

"आवडायचा," मी म्हणालो. मग जेवण संपेपर्यंत त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहायचं मी टाळलं. वर्गात टाळायचो, तसंच.

हे पत्र टाकणार नाही; तुमच्या हल्लीच्या पत्त्याला पोस्टलाइटझाल, म्हणजे इथला पिनकोड, नाही, आणि तो नसेल तर इथलं पोस्ट काही हाती धरत नाही. पण ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच. अठरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की सरांनी मला 'येऊ नकोस' म्हणून हाकललं. त्याआधी तुम्ही काय म्हणालात ते कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. रिकाम्या हाताने तुमच्यासमोर बसायचं तर काय काय कमावलं हे न दाखवता बसावं लागलं असतं, आणि तेवढी माझी तयारी नव्हती.

जेवण उरकून बाई टेबल पुसायला आल्या, तेव्हा पाच शितं मी त्यांना पुसू दिली. सहावं पटकन तोंडात टाकलं. एव्हाना भात, कोबी, सगळंच गार झालं होतं. ते गरम होतं, सर.