कोनाड्यापुरती जागा

औरंगाबाद, फाल्गुन वद्य तृतीया, शके १८५४,
सकाळचे साडेसात. हौदात विटा बुडवून काठावर बसलो आहे.

प्रिय भानू,

अक्षर मोठे आणि सुटे काढतो आहे, म्हणजे वाचताना तुला तुझ्या भावाला, श्रीधरला, विचारावे लागणार नाही. गेल्या श्रावणात चुलीमागची मातीची भिंत बसली, तेव्हा पैठणला माहेरी जाताना तू म्हणालीस, "भिंत पक्की झाली की कळवा. तोवर लेकीला घेऊन मी येत नाही." ते शब्द मी दुकानात कापड मोजतानाही विसरलो नाही. आता विटांचे काम सुरू आहे.

गवंडी चांदपाशा आहेत, साठीचे. कोरडी वीट चुन्यातले पाणी पिते आणि भिंत पुढे भुरभुरते, म्हणून बुडबुडे थांबेपर्यंत वीट भिजवायची, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. तेव्हापासून ते काम मी कुणाला देत नाही. आई म्हणते, विटांना न्हाऊ घालतोस आणि स्वतःच्या आंघोळीची आठवण मला करून द्यावी लागते.

पण मी एक घोटाळा केला. नव्या भट्टीच्या विटा कमी पडतील या धास्तीने, बेगमपुऱ्याकडे पडलेल्या एका जुन्या हमामाच्या, म्हणजे बादशाही न्हाणीघराच्या, विटा गाडीभर आणल्या. घरी आणून पाहतो तर त्या भाकरीसारख्या पातळ! नव्या विटेशेजारी थर जुळेना. रात्रभर झोप नाही. सकाळी चांदपाशांनी दोन पातळ विटा चुना घालून एकावर एक ठेवल्या, शेजारी नवी ठेवली, वरून दोरी ताणली. दोरी सरळ. ते म्हणाले, बादशाही काळात अशाच विटा पाडत, पातळ म्हणून आतपर्यंत भाजत. "माझ्या वाडवडिलांच्या हातच्याही असतील यात," असेही म्हणाले. मग मी त्यांना तुमच्या पैठणच्या परसातल्या तुळशी वृंदावनाच्या विटा सांगितल्या. जुन्या पांढरीच्या टेकाडात निघालेल्या, हातभर लांब, उशीएवढ्या जाड. त्यांनी हातातली थापी खाली ठेवली. म्हणाले, तसली एक वीट बघायला मिळाली तर बरं होईल. तशी वीट पाडणारं आता कुणी उरलं नाही.

तुला ठाऊक आहे, आईला हे काम मुळात पटले नव्हते. पांढऱ्या मातीच्या भिंतीआड तीन पिढ्या जेवल्या, असे ती रोज म्हणायची. आता मात्र गवंड्याला चहा तीच नेते, आणि दोरी सरळ आहे का, हे माझ्या मागून पुन्हा बघते.

काल भिंत छातीपर्यंत आली. दिव्याच्या कोनाड्यासाठी मी शेजारच्या खांबावर आधीच खडूने खूण करून ठेवली होती, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, दोनदा मोजून. चांदपाशांनी ती पाहिली आणि विचारले, "बाबूजी, रोज दिवा तुम्ही लावणार व्हय?" त्यांच्याकडची रीत अशी, की दिवा लावणारीने भिंतीशी उभे राहून हात वर करायचा आणि तळवा पोचेल त्याच उंचीला कोनाडा धरायचा. मी आईला बोलावले. ती भिंतीपाशी आली, हात उचलला, तो खांद्याच्या वर जाईना. मग म्हणाली, "माझा हात कशाला? जिचं घर तिला बोलाव." एवढे बोलून आत गेली आणि तुझ्या खोलीतले पाळण्याचे कडे घासायला बसली.

म्हणून हे पत्र. भिंत पुरी झाली की येईन, ही तुझी अट मी मोडत नाही. पण तुझ्या हाताशिवाय ती पुरी होत नाही. चांदपाशांनी तेवढी जागा सोडून दोन्ही बाजूंनी काम चालू ठेवले आहे. वृंदावनाच्या कडेची जी एक वीट सुटी आहे, ती तुझ्या वडिलांना विचारून घेऊन ये. कोनाड्याच्या तळाशी ती बसवू. गाडी वाटेत बिडकीनला थांबेल, तेव्हा लेकीला सावलीत घे. वीट श्रीधरला उचलू दे. आल्यावर ती मी स्वतः भिजवीन.

तुझाच,
वैजनाथ