बर्चची जुडी आणि माझे डाग

१८ जून, संध्याकाळ
तळ्याकाठच्या घरी आलो. बर्चच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी बांधली आणि सौनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत, इथल्या रीतीप्रमाणे अंगावर सपासप मारून घेतली. पायांवर बारीक लाल ठिपके उठले. ताजी पालवी लागतेच. संकल्प: उन्हाळाभर रोज सौना.

१९ जून
मांडीवर, दंडावर काळेनिळे डाग. बायको म्हणाली, वेइयो, अंग शेकतोस की साप मारतोस? इर्मेलीला चेष्टा सुचते. हात माझा जोरकस आहे, त्याला काय करू?

२१ जून
हिरड्यांतून रक्त. ब्रश टणक होता, मऊ आणला. प्रश्न मिटला. इर्मेली विचारते, काल सौना बंद होता, तरी डाग वाढले कसे? तिला जुडीतलं कळत नाही. बांधायला तिनेच शिकवली, पण ते वेगळं.

२३ जून
नाकातून रक्त, थांबेना. हवा कोरडी असणार. बाहेर पाऊस. इर्मेलीने न विचारता गाडी काढली.

२४ जून, हॉस्पिटल
डॉक्टर सार्परांताबाई म्हणाल्या, तुमच्याच शरीरातल्या अँटिबॉडी तुमच्या रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट मारतायत. कुंपणच शेत खातंय. मी त्यांना जुडीबद्दल सविस्तर सांगितलं. त्यांनी इर्मेलीकडे पाहिलं. इर्मेलीने छताकडे. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू. मला काहीच वाटलं नाही.

२ जुलै
घरी. प्लेटलेट वाढल्या! बाई म्हणतात, हुरळू नका. आकडा वाढला, पण अँटिबॉडी चिकटलेल्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत, नुसती हजेरी लावतात. जखम झाली तर रक्त थांबणार नाही. कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. नगरपालिकेत मी तीस वर्षं नुसती हजेरीच लावली, गावाचं काय बिघडलं? संकल्प: शनिवारी लाकडं फोडणार.

५ जुलै, दुपार
फोडली. एक ढलपी उडून कपाळाला लागली. किरकोळ. टोपी घातली, म्हणजे इर्मेलीला दिसणार नाही. डोकं दुखतंय. ऊन लागलं असेल.

५ जुलै, संध्याकाळ, हॉस्पिटल
जेवताना ओकलो. टोपी पडली. इर्मेली ओरडली नाही, ते वाईट लक्षण. आता डोक्याचा फोटो काढणार. आत रक्त साचलंय का ते बघायचं आहे, बाई म्हणाल्या. त्या आज चेष्टा करत नाहीत.

किरकोळ आहे असं लिहायला वही उघडली. भीती वाटतेय. डावा हात इर्मेलीने घट्ट धरलाय. म्हटलं, सोड, डाग पडेल. पडू दे, म्हणाली. सोडला नाही.