बसायचं काम

२ फेब्रुवारी

आजपासून आपली चाकांची खुर्ची. गरगर फिरते, मागेपुढे सरकते. सकाळी नूतनने शिरा केला, निळा शर्ट इस्त्री करून दिला आणि दारात उभी राहून म्हणाली की साहेब, डबा विसरू नका. माझ्या दुखण्यानंतर घरात पहिल्यांदा कुणी थट्टा केली. बायको हसली की मला अजूनही बरं वाटतं.

डाळ मिल जुनीच आहे. जळगावच्या एमआयडीसीत याच आवारात मी पंधरा-सोळा वर्षं तुरीचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, वाहिली. गेटजवळची ही काचेची केबिन मात्र मला नवी. समोर मोठा स्क्रीन, त्यावर सगळ्या कॅमेऱ्यांचे चौकोन. ट्रक आला की बटण दाबून गेटचा दांडा वर करायचा, बाकी वेळ स्क्रीनकडे बघायचं. पंखा आहे, पाण्याचा जार आहे, आणि मालकांनी, म्हणजे रुपचंदभाऊंनी, मिलची नवी डायरीही दिली. रिकामं बसवत नाही, म्हणून तिच्यात लिहितोय. दहावीनंतर एवढं लिहायची ही पहिलीच वेळ.

आमच्या हमालांत एक रीत आहे. प्रत्येकाचा कट्टा ओढायचा लोखंडी आकडा गोडाऊनमध्ये आपापल्या खुंटीला असतो, आणि टोळी सोडताना माणूस तो घरी घेऊन जातो. मी माझा काढायला गेलो तर भाऊ हसले. म्हणाले, राहू दे की भूषण, तू कुठे चाललायस, फक्त जागा बदलली. मलाही ते पटलं.

४ फेब्रुवारी

जो येतो तो म्हणतो, नशीब काढलंस, आता बसून खायचं. कालपासून ऐकतोय. एकेकाला धरून विचारावंसं वाटतं की बाबा, तुझा मणका दे आणि घे ही खुर्ची.

नशीब कसं निघालं ते लिहूनच ठेवतो. दिवाळीच्या आधी गोडाऊन दोनमधली कट्ट्यांची थप्पी आधीच हलत होती. पुना नाना, आमचे मुकादम, त्यांनी भाऊंना दोनदा सांगितलं की आता वर चढवू नका. भाऊ म्हणाले, अजून दोन थर लावा, पुढच्या आठवड्यात माल निघतोय. थप्पी माझ्यावर आली. दवाखान्यात भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले की भूषणचाच पाय घसरला. मी तोंड उघडलं नाही, कारण तेव्हा श्वाससुद्धा घेता येत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे भरलेली बादलीही उचलायची नाही. नीट आराम केला तर चालता-फिरता राहशील, नाहीतर पाय जातील. म्हणून हे बसायचं काम, आणि वर उपकार केल्याचा आव.

६ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत टोळी निंबाखाली भाकरी खात होती. मी स्क्रीनकडे पाहिलं तर गोडाऊन दोनमध्ये एक जण कट्टे वाहतोय. एकटाच. भर दुपारी, सगळे जेवत असताना. माझं डोकंच फिरलं. भाऊंनी नवा माणूस लावला आणि त्याला जेवूही देत नाहीत, असं वाटलं.

कंबरेचा पट्टा आवळून निंबाखाली गेलो आणि नानांना सांगितलं. त्यांनी भाकरीवरून मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "भूषण, तथा देखू नको. काम व्हयी ऱ्हायनं, व्हऊ दे." म्हणजे तिकडे बघायचं नाही, काम होतंय ते होऊ द्यायचं. टोळीतला एकही जण माझ्याकडे बघत नव्हता.

मग मी गोडाऊनमध्येच गेलो. आत कुणी नव्हतं. थप्पी मात्र सकाळपेक्षा उंच होती, आणि घामाचा ताजा वास येत होता.

९ फेब्रुवारी

रोज दुपारी तो येतो. तोंड दिसत नाही, खांद्यावरचा कट्टा आड येतो. पण कट्टा घेतल्यावर तो दोनदा खांदा उडवतो आणि मग डावा पाय टाकतो. ही लकब माझी आहे. नूतन लग्नाआधी बाजारात मला बघायची तेव्हा याच उडीवरून चिडवायची.

पाठ ताठ आहे त्याची. कशी ताठ आहे! मला हेवा वाटला आणि मग त्या हेव्याचाच संताप आला.

आज त्याच्यामागे आणखी एक दिसला. टक्कल, गुडघ्याला लाल रुमाल बांधलेला. वना आबा. माझ्याआधी या खुर्चीत तेच बसायचे, गुडघा कामातून गेला म्हणून. संक्रांतीच्या आधी वारले. त्यांच्या गावी, असोद्याला, दहाव्याला मी स्वतः गेलो होतो.

११ फेब्रुवारी

उजवा खांदा सोलून निघालाय. कट्ट्याच्या सुतळीने सोलतो तसाच. दिवसभर खुर्चीत बसून.

नूतनने शर्ट काढताना पाहिलं. तिला वाटलं, मी लपूनछपून ओझी उचलतोय. रडायला लागली, म्हणाली, माझ्यासाठी तरी पाय वाचवा. मी ताट भिरकावलं. काय सांगू तिला? राग भाऊंचा होता आणि पडला तिच्यावर. आमटी अजून भिंतीवर आहे.

१३ फेब्रुवारी

नानांना आज गाठलंच. गचांडी धरली त्यांची. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, पण धरली. तेव्हा बोलले.

म्हणाले, आकडा खुंटीवर राहिला की माणूस टोळीतच राहतो. मोडलेला भाग बाहेर जातो, धडधाकट भाग राबत राहतो. वना आबांचा आकडा अजून तिथेच आहे, त्यांना तर मरूनही सुट्टी नाही. मी ओरडलो, मग आधी का नाही सांगितलं? नाना म्हणाले, टोळीचं निम्मं ओझं ते दोघं उचलतात, पोरं दमत नाहीत, मी गप्प बसलो. एवढं सांगताना त्यांना लाज वाटली नसेल असं नाही. पण लाज वाटून माझा खांदा भरून येत नाही.

शेवटी आकडा घरी नेऊ का, म्हणून विचारलं. तर म्हणाले, "आकडा जथा जाई, माणूस तथा जाई. इचार कर." म्हणजे आकडा जाईल तिकडेच माणूस जाईल.

विचार कसला करायचा त्यात?

१४ फेब्रुवारी

भाऊंच्या ऑफिसात गेलो. वाटलं, असं काही नाहीच म्हणतील, मला वेड्यात काढतील. तसं काहीच नाही. चहा पीत होते, मलाही अर्धा दिला.

म्हणाले, तू महिनाभर खुर्चीत बसणार आणि पगार घेणार. तो पगार कमावतो कोण? मी काय धर्मशाळा उघडलीय? तुझ्या मोडक्या कंबरेला तुझीच चांगली कंबर पोसते. यात माझं काय चुकलं?

मी कप भिंतीवर फोडला. त्यांनी शिपायाला हाक मारून झाडू आणायला सांगितलं. शांतपणे. मला त्यांच्या त्या शांतपणाची जेवढी चीड आली तेवढी थप्पी पडली तेव्हाही आली नव्हती.

१६ फेब्रुवारी

आकडा काढला.

त्याची मूठ गरम होती आणि घामाने ओली. डब्याच्या पिशवीत टाकून सगळ्यांसमोरून गेटबाहेर नेला. भाऊ पायऱ्यांवर उभे होते, अडवलं नाही. वना आबांच्या आकड्यालाही हात घातला होता, पण तो खुंटीला रुतून बसलाय, निघेना.

घरी आकडा दारामागे ठेवला आणि नूतनला सांगितलं की आता सगळं नीट होईल. ती म्हणाली, तुम्ही ओरडला नाहीत की सगळं नीटच असतं.

१७ फेब्रुवारी

दुपारी स्क्रीनवर एकटे वना आबा. लंगडत नव्हते, पण एकटेच. मी नाही. सुटलो!

१९ फेब्रुवारी

नूतन खुशीत आहे. म्हणाली, पहाटे पाण्याचा ड्रम भरून ठेवलात, गॅसची टाकीही जिन्याने वर आणलीत, पाठ बरी झाली तर मला सांगायचं तरी.

पहाटे मी झोपलो होतो.

मी उचलली नाही टाकी. हे तिला सांगितलं नाही. तिचा चेहरा किती दिवसांनी असा दिसत होता, आणि मी—

आकडा जथा जाई. नानांनी सांगितलं होतं. मीच त्याला पिशवीत घालून घरी आणलं. माझ्या हातांनी.

२० फेब्रुवारी

सकाळी आकडा शोधला. दारामागे नाही. नूतन म्हणाली, तुम्हीच तर वर माळ्यावर ठेवलात. मला माळ्यावर चढता येत नाही. तिला चढू नको म्हणालो, तर ओरडल्यासारखं झालं. तिचा चेहरा लगेच उतरला. म्हणाली, रात्री किती छान बोलत होतात.

रात्री मी पाठीच्या गोळ्या घेऊन गाढ झोपलो होतो.

डावा पाय बधिर. रिक्षावाल्याने केबिनपर्यंत धरून आणलं.

२१ फेब्रुवारी

काल घरी गेलोच नाही. संध्याकाळी उठायला गेलो तर दोन्ही पायांत काही नाही. हाका मारल्या. मशीन चालू होती, कुणाला ऐकू गेलं नाही. खुर्चीतच बसून राहिलो.

सकाळी नूतनला फोन लावला. वाटलं, घाबरली असेल, रात्रभर शोधत असेल. हसली. म्हणाली, आत्ताच जेवून गेलात ना, एवढ्यात आठवण आली?

कोण जेवलं?

कोण जेवलं माझ्या ताटात?

२३ फेब्रुवारी

नाना काचेजवळ आले होते. मी म्हटलं, पाया पडतो, मला रिक्षात घाला, घरी सोडा. त्यांचे डोळे भरले. म्हणाले, आज सकाळी नाक्यावर तुझ्यासोबतच चहा प्यायलो, ताठ उभा होतास. आणि मग निघून गेले. दार उघडलंच नाही. नामर्द! टोळीचा मुकादम म्हणवतो.

डबा संपला. जार संपत आलाय. भूक लागत नाही, हे जास्त वाईट.

२४ फेब्रुवारी

पुन्हा फोन. म्हटलं, नूतन, माळ्यावरचा आकडा काढ, नदीत टाक, कुठेही टाक, काही विचारू नको.  मग मागून एक आवाज आला, घरातून, जवळून—

"कोन शे वं, नूतन?"

माझा आवाज. चिडका नाही. मी पूर्वी बोलायचो तसा.

ती म्हणाली, कुणीतरी वेडा दिसतोय. फोन ठेवला.

मी चार-पाच महिने तिच्यावर ओरडलो. तिला आता त्या आवाजाची ओळखही ठेवायची नाही. आणि तो—तो गोड बोलतोय. त्याला काय दुखतंय गोड न बोलायला? दुखणं सगळं माझ्याकडे.

२५ फेब्रुवारी

भाऊ काचेतून बघून गेले. टेबलाकडे बघतात तसे. आज ट्रकसाठी बटण दाबलं नाही, तरी दांडा वर झाला—

बघून घेईन. एकेकाला. पाय नाहीत तर हातांवर येईन, पण—

फोन बंद पडला.

२६ फेब्रुवारी

गेटवर नूतन. कॅमेरा एक. आमच्या मोटारसायकलवर मागे बसलीय, नवी साडी. पुढे तो. दुखण्यापासून मी त्या गाडीला हात लावला नव्हता.

भाऊ बाहेर आले. काचेची फट उघडी आहे, ऐकू येतंय. नूतन सांगतेय की ह्यांची पाठ पूर्ण बरी झाली, आता बसायचं काम नको. चाळीसगावला तिच्या भावाने काम बघितलंय, आजच निघतोय. तुमचे उपकार झाले, म्हणाली. उपकार! भाऊ हसतायत. त्याच्या खांद्यावर हात ठेवलाय—माझ्या खांद्यावर—

काच बडवतोय. दोन्ही हातांनी. रक्त आलं.

तिने वळून बघितलं. सरळ इकडे. भाऊंना विचारतेय, आता इथे कोण बसणार? भाऊ काहीतरी म्हणाले. तिने मान हलवली.

बघितलं ना मला? नूतन, बघितलंस ना?

खांदे तो घेऊन चाललाय, पाठ तो घेऊन चाललाय, तू हसायचीस ती उडीसुद्धा—नेऊ दे. सगळं नेऊ दे. भाऊंनाही सोडलं, जा. पण मोडलं ते माझंच मोडलं ना गं? कळा मी काढल्या. रात्री तू तेल चोळायचीस ती पाठ ही आहे, ही, इथे—

गाडी सुरू झाली.

नूतन, मोडलेलं तेवढंही घेऊन जा. ओरडणार नाही. कधी ओरडणार नाही. मला घरी—