परतीच्या भांड्यातली साखर

आई, आज फळीवरून तुझा स्टीलचा डबा खाली काढला. झाकणावर बाबांचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे. घासून घासून त्याचं पहिलं अक्षर पुसट झालंय, एका बाजूला पोचा आहे, बाकी डबा ठणठणीत. तुझी नात, माझी धाकटी, पुढच्या महिन्यात शिकायला परदेशी निघाली आहे. तुला तिने पाहिलेलं नाही, पण नाक तुझंच घेऊन आली आहे. काल संध्याकाळी इथे मुलुंडच्या घरात बॅगेचं वजन करता करता तिने विचारलं, आई, तू अमेरिकेला गेलीस तेव्हा पहिले दिवस खूप रडलीस का गं? मी हो म्हणेन असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, छे, मला रडायला फुरसत कुठे होती. पुढचं सांगायला तोंड उघडलं तर तिचा फोन वाजला आणि गोष्ट घशातच राहिली. म्हणून तुला सांगते. यातली बरीचशी तुला माहीत आहे, पण तू माझी एकच गोष्ट तीन-तीनदा ऐकायचीस आणि दर वेळी नव्याने हसायचीस.

विक्रोळीची आपली चाळ तुला काय सांगायची, पण मला ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तू साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला, तुझ्या पदराला कायम तो चंदनी वास. पाळी संपवून घरी आलीस की पाय धुवायच्या आधी तुझी नजर ओट्यावर जायची, शेजारचं कुणाचं भांडं आलंय का ते बघायला. आपल्याकडून सोलकढी गेली की त्याच पातेल्यातून शेजारणीची ज्वारीची भाकरी आणि खर्डा यायचा, मग त्यांच्या ताटलीतून आपले घावन जायचे. कुणाचं भांडं कुणाच्या घरात आहे हे फक्त कोरलेल्या नावावरून कळायचं. भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. महिन्याअखेरीला रेशनची साखर तळाला गेली तरी तू हे चुकवलं नाहीस. मी चिडायचे, आपल्याला चहाला नाही आणि तू वाटत सुटतेस. तोवर तू भांडं घेऊन उंबऱ्याबाहेर गेलेली असायचीस.

ऐंशीच्या दशकात चाळीतली एक पोरगी एकटी अमेरिकेला जाते म्हटल्यावर निम्मी चाळ टेम्पो करून सहार विमानतळावर आली होती. मी जाणार कशाला, तर चिखलातली झाडं शिकायला. खाडीतल्या तिवरांवर मी एमेस्सीला काम केलं होतं आणि तिकडच्या एका समुद्रकाठच्या गावातल्या विद्यापीठाने मला बोलावलं होतं. चिखल तो चिखल, त्यासाठी विमान कशाला, असं शेजारचे काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. तू मात्र हातावर दही घातलंस, हा डबा रव्याच्या लाडवांनी गच्च भरून माझ्या पिशवीत कोंबलास आणि म्हणालीस, "येताना डबो रिकामो हाडू नको गो." मी अजून गेलेही नव्हते आणि तू परत येण्याचं बोलत होतीस.

आणि काय सांगू आई, मी तिथे उतरले ती तरंगतच. लायब्ररीत कुणाला न विचारता थेट कपाटांतून हिंडायचं, हवं ते पुस्तक ओढायचं, जमिनीवर बसून वाचलं तरी कुणी उठवत नाही. रस्ता ओलांडायला उभी राहिले तर एवढाली गाडी माझ्यासाठी थांबली. मी मागे वळून पाहिलं, कुणी मोठं माणूस येतंय का म्हणून. सरांना नावाने हाक मारायची म्हणे. माझी जीभ काही वळेना, शेवटी मी त्यांना हाकच मारायची नाही असं ठरवलं. लाडू विमानातच सुरू झाले होते, परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत पोचेपर्यंत संपले. एक बाई तर बोटं चाटत म्हणाली की हे काय आहे, मी रडेन आता. कँटीनमध्ये साखरेच्या कागदी पुड्या नुसत्या टोपलीत ठेवलेल्या, हव्या तेवढ्या उचला, कार्ड नको, रांग नको. मी आधी इकडेतिकडे बघून दोन उचलल्या, मग निर्लज्जपणे मूठभर.

अडचण एकच होती, पण ती मोठी होती. हॉस्टेल भरलं होतं. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईने वरची खोली द्यायची तयारी दाखवली, तीही 'आठवडाभर बघू' या बोलीवर. ताठ पाठीची, कमी बोलणारी, एकटीच राहणारी. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की शेगडीला हात लावायचा नाही, मसाल्याचा वास तिला चालायचा नाही. कचेरीतल्या बाईने आधीच बजावलं होतं, ही खोली गेली तर दुसरी जागा नाही, मग प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलावा लागेल. म्हणजे मला परत यावं लागलं असतं, आणि शेजारच्या काकांचं खरं झालं असतं. मी घरात मांजरीच्या पावलांनी वावरत होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी काचेच्या भांड्यात सफरचंदाचा पाय ठेवलेला. पाय म्हणजे वर पारी, आत शिजवलेली फळं. मी सगळा खाल्ला, भांडं लख्ख घासलं, आणि मग बसले विचार करत. लाडू संपलेले, शेगडी बंद. पण पुड्या होत्या. मी त्या फोडून भांड्याच्या मधोमध साखरेचा नीट छोटा ढीग केला आणि खालच्या टेबलावर भांडं ठेवून मोठ्या तोऱ्यात विद्यापीठात गेले. तुझी पोर कुठेही गेली तरी रीत सोडत नाही, असं मनात म्हणत.

त्याच दिवशी सरांनी आम्हाला खाडीवर नेलं. ओहोटी होती. गाडीचं दार उघडलं आणि आई, तोच वास! विक्रोळीच्या खाडीचा, तंतोतंत. बाकीची पोरं नाकं दाबत होती आणि मी बूट काढून गुडघाभर चिखलात उतरले. सर म्हणाले, तू इथे आधी आली आहेस का. मी म्हटलं, रोज. संध्याकाळी गाणं गुणगुणत घरी आले तर घरमालकीण माझ्याकडे न बघता आत निघून गेली. दुसऱ्या सकाळीही तेच. माझ्या पायांना चिखल होता का, पाणी जास्त वापरलं का, मला काही कळेना. आठवडा संपत आला. मी बॅग उघडली नव्हती ती नशीबच, असं वाटायला लागलं.

शेवटच्या दिवशी तिने मला खाली बोलावलं. टेबलावर ते काचेचं भांडं, त्यात साखर जशीच्या तशी. ती म्हणाली, "माझा पाय तुला आवडला नाही तर तसं तोंडाने सांगायचं होतंस. साखर कमी पडली हे असं दाखवायची गरज नव्हती."

मला कळायला क्षण लागला आणि मग मला हसू फुटलं. जागा जायची वेळ आली आहे आणि मी टेबलाला धरून हसतेय. मग तिला सगळं सांगितलं. चाळ, तुझा ओटा, सोलकढी, भाकरी, कोरलेली नावं, रेशनची साखर. माझं इंग्रजी धावत होतं, अडखळत होतं. ती हसली नाही. नुसती ऐकत राहिली, मग म्हणाली, तिचा नवरा गेल्यापासून तिच्या घरात बाहेरचं एक भांडं आलेलं नाही. आणि मग साखरेचं भांडं बाजूला सारून, अगदी हिशेबी आवाजात, "म्हणजे तू मला आता खरं तर काहीतरी करून द्यायला हवंस. मग तुला शेगडी लागेल."

त्या संध्याकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात बटाट्याची भाजी केली. मोहरी तडतडली तशी ती खिडकी उघडायला उठली, आणि उघडता उघडता परत येऊन कढईत डोकावून गेली. आठवड्याच्या बोलीचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. मी शिकून निघेपर्यंत तिथेच राहिले. तुझा डबा वर-खाली इतका फिरला की त्या जिन्यातच एकदा पडून त्याला पोचा आला. मी हे परदेशी टपालाच्या एवढ्याशा निळ्या कागदावर मावेल तेवढं तुला लिहिलं, तर तुझं उत्तर आलं, शेजारच्या मुलीच्या अक्षरातलं पण शब्द तुझे: बाई चांगली आसा, तुका रवाक दितली, तिका घावन करून घाल.

मी परत यायला निघाले तेव्हा तिने डबा मागून घेतला आणि भरून दिला. तू विक्रोळीला सगळ्यांसमोर झाकण काढलंस, आत साखर. पांढऱ्याशुभ्र चौकोनी वड्या. तू इतकी हसलीस की तुला खाली बसावं लागलं. मग चाळीत घरोघरी एकेक वडी गेली, आणि शेजारचे काका चहात वडी विरघळेपर्यंत कप हलवत बसले. तुला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतर फार वेळ मिळालाही नाही आपल्याला.

तू गेल्यावर डबा माझ्याकडे आला आणि तेव्हापासून मला एकच गोष्ट टोचते, की हा तुझा आहे आणि परत करायची सोय नाही. उद्या लाडू वळून तो धाकटीच्या पिशवीत कोंबणार आहे. ती वजनाची कुरकुर करेल, करू दे. तू मला सांगितलंस तेच तिला सांगणार आहे. तोवर हे पत्र घडी करून त्यात ठेवते. पोस्टात टाकायचं कुठे? निदान एक रात्र तरी तुझा डबा रिकामा नको.

आणि एक सांगते, तिला कधी सांगितलं नाही, तुलाही लिहिलं नाही. त्या पायमध्ये साखर खरंच कमी होती.