साहेब जागे आहेत

सोमवार, ३ तारीख
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. साहेब टीव्हीवर म्हणाले, अतिरेकी शहरात घुसलेत, पण तुम्ही निवांत झोपा, मी जागा आहे. आता एवढा मोठा माणूस जागा आहे म्हणजे काहीतरी असणारच. मग मी पण जागी राहिले. नवरा ट्रक घेऊन लांब गेलाय. घरात मी आणि बाळ. आजपासून घाबरायचं नाही, सावध राहायचं.

मंगळवार, ४
नळाला पाणी नाही म्हणून खाली बायकांचा आरडाओरडा. साहेबांचा माणूस आला. म्हणाला, देशावर संकट आणि तुम्ही पाणी मागता? सगळ्या रिकामे हंडे उचलून घरी. बरं झालं. आधी जीव वाचवा, मग पाणी प्या. शेजारची शिलाईवाली म्हणे, पाण्याशिवाय जीव कसा वाचवतात ते पण साहेबांनाच विचार. हिला राजकारणातलं काही कळत नाही.

गुरुवार, ६
जिन्यात बेवारस पिशवी. लगेच फोन केला. पोलिसांनी सगळ्यांना खाली उतरवलं आणि पिशवीवर पाइप सोडला. त्यांच्याकडे पाणी होतं. आत शिलाईवालीच्या गिऱ्हाइकांचे कपडे निघाले. मला वाट्टेल ते बोलली. म्हणे, तुझ्या घरात अतिरेकी शिरला तर बिचारा स्वतःचेच चार पैसे ठेवून जाईल. आपली चूक मान्य करायची नाही आणि वर तोंड. बोलणं बंद.

शनिवार, ८
भाऊ वेल्डर आहे. त्याच्याकडून दाराला आतून लोखंडी जाळी बसवून घेतली. मोठं कुलूप. म्हणाला, ताई, मागच्या निवडणुकीला पण आले होते की ते. मतं मोजून झाली की जातात. डोकं कामातून गेलंय त्याचं. जाळी मात्र झकास.

रविवार, ९. पहाटे
किल्ली पिठाच्या डब्यात ठेवली होती. पण ते आधी डबेच बघणार. जागा बदलली. परत बदलली. आता कोणाच्या बापाला सापडणार नाही.

सोमवार, १०
ग्रुपवर आलंय, ते मोबाइलवरून घर हुडकतात. मोबाइल बादलीत बुडवला. या म्हणावं आता.

बुधवार, १२. दुपार
बाळाला ताप. दवाखान्यात न्यायला निघाले. किल्ली मिळेना. पीठ चाळलं, गादी उसवली. झोप नाही म्हणून विसरले असं काही नाही. मला सगळं आठवतंय, फक्त एवढंच आठवत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
ताप वाढलाय. खिडकीतून हाका मारते. एकदोघांनी वर बघितलं, हसले, गेले. रोजच ओरडते ना मी, अतिरेकी आले म्हणून. शिलाईवालीचं दार बंद.
साहेब निवडून आले. रस्त्यात फटाके, बँड. टीव्हीवर म्हणतात, शहरात आता कसलाही धोका नाही. सकाळपर्यंत होता. मग एवढ्यात गेले कुठे सगळे? साहेबांनी हाकलले असतील.
बाळ आता रडत पण नाही. नुसतं बघतंय.
हे पान फाडून खाली टाकते. नंबर मागे लिहिलाय. कटर घेऊन लगेच ये म्हणावं. ज्याला सापडेल त्याने हसू नका. तुम्ही कोणी पण असा, अतिरेकी असलात तरी चालेल, पण माझ्या भावाला फोन करा.